सत्तावीसची गाडी

माझे अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमले नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर हातात पेन आले ते गिऱ्हाइकांची मापे लिहायलाच: उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही. ही वहीसुद्धा मापांचीच आहे. मागची पाने कोरी होती, तिथे लिहीत आहे. हे कोणी वाचावे अशी इच्छा नाही. मग माफी कोणाची मागते, हे मलाही सांगता येणार नाही. पण माफी मागितल्याशिवाय मला सुरुवातच करता येत नाही.

अकोल्यात डाबकी रोडच्या बाजूला आमच्या भाड्याच्या दोन खोल्या आहेत. मी घरी ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. नवरा शहराबाहेरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदार आहे. आम्हाला मूल नाही. माझी मोठी बहीण अमरावतीला असते, तिला एकच मुलगी. ती लहान असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत महिना महिना माझ्याकडे राहायची. मशीनखाली बसून चिंध्या रंगाप्रमाणे वेगळ्या करायची आणि मला म्हणायची, “मावशी, मी मोठी झाली की तुले गाडीवर फिरवीन.”

ती मोठी झाली, शिकली, अमरावतीतच कामाला लागली. पहिल्या पगारापासून थोडे थोडे बाजूला टाकून तिने एक पांढरी स्कूटी घेतली. कोणाकडून तरी घेतलेली जुनीच होती, पण तिने ती नव्यासारखी ठेवली. दोन वर्षांनी तिला पुण्याची नोकरी मिळाली. बहिणीला गाडी येत नाही. अंगणात उभी राहून सडेल, त्यापेक्षा मावशीच्या कामी येईल, असे भाचीने ठरवले आणि एका रविवारी मूर्तिजापूरवरून हायवेने एकटी गाडी चालवत अकोल्याला आली. तोंडाचा दुपट्टा सोडला तेव्हा तिच्या कपाळावर धुळीची पट्टी होती.

“घे मावशी. मी वापस येईन तोवर तुह्यी.”

“मले नाई जमत, बाप्पा.”

“मशीन चालवतं ना? ते पायानं चालते, हे हातानं चालते. तितलाच फरक हाय.”

चार दिवस राहून तिने मला शिकवले. शाळेच्या मागच्या मैदानात मी पुढे आणि ती मागे धावत. पहिल्यांदा तिने हात सोडला तेव्हा मी घाबरून “थांब, थांब” म्हणून ओरडू लागले. ती मागून हसत ओरडली, “ब्रेक दाब मावशी! गाडीले कायले हाका मारून राहिली?” तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. जाताना तिने गाडीच्या तोंडावर, दिव्याच्या खाली, निळ्या अशोकचक्राचे एक स्टिकर चिकटवले. म्हणाली, “आता तुह्यी झाली.”

ती माझी झाली नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. माझी मशीन मी दार उघडे टाकून सोडून जाते, कधी मनात काही येत नाही. पण गाडी दुसऱ्याची होती, आणि ते दुसरे कोणी म्हणजे ती होती. मी हार्डवेअरच्या दुकानातून एक साखळी आणली. सायकलला लावतात त्याच्या दुप्पट जाड, वरून प्लास्टिकची नळी चढवलेली. एक मोठे कुलूप आणले. रात्री गाडीचे मागचे चाक खिडकीच्या गजाला बांधायचे. तेवढ्यानेही डोळा लागेना, म्हणून साखळीला परकराचा नाडा बांधला आणि त्याचे दुसरे टोक खिडकीतून आत आणून स्टीलच्या गिलासाला बांधले. कोणी साखळी ओढली की गिलास खाली पडणार. पहिला आठवडाभर तो रोज पडला. शेजारणीची शेळी नाडा खात होती.

नवरा म्हणायचा, “मी अख्खी जिनिंग एका शिट्टीवर राखतो. अन् हिले एका गाडीसाठी साखळी, कुलूप, नाडा अन् गिलास!”

बाजारात गाडी ओळखायचीही मला भीती वाटायची. पांढऱ्या स्कूट्या सगळ्या सारख्याच दिसतात. पण ती अडचण सोपी निघाली. अकोल्याच्या गाड्यांच्या पाटीवर तीस असते, अमरावतीच्या गाड्यांच्या पाटीवर सत्तावीस. इंग्रजी अक्षरे मला वाचता येत नाहीत, पण आकडे येतात, कारण टेपवर तेच असतात. दुकानांसमोरच्या रांगेत सगळ्या तीसच्या गाड्या आणि त्यांत माझी एकटी सत्तावीसची. लांबून पाटी पाहिली की जीव थंड व्हायचा. पुढचे आकडे मी कधी पाठ केले नाहीत. गरजच पडली नाही. आता ते मला इतके पाठ आहेत की मशीन चालवताना टाक्यांबरोबर मनात चालतात.

मे महिना होता, लग्नांचे दिवस. एका साडीच्या दुकानाचे तेवीस ब्लाऊज मी शिवून नेले होते. दुपारचे ऊन असे की गाडीच्या सीटला हात लागू देत नव्हते. डोक्याला, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, फक्त डोळे उघडे. मी दुकानासमोर गाडी लावली आणि हँडल वळवून लॉक करणार, तोच दुकानाचा म्हातारा चौकीदार म्हणाला, “बाई, हँडल लाक नका करू. गाड्या सरकवा लागते.”

मी मान हलवली. अनोळखी माणसाला मला नाही म्हणता येत नाही. भाजीवालीलाही येत नाही. पिशवीत साखळी होती, पण तो समोर उभा असताना त्याच्या डोळ्यांदेखत साखळी लावणे म्हणजे त्याच्यावर विश्वास नाही असे सांगणे झाले असते. तेही मला जमले नाही. मी तशीच आत गेले.

आत दुकानदार एकेक ब्लाऊज उलटा करून पाहत होता. माझे लक्ष बाहेर. काचेतून रस्ता दिसायचा, गाड्या दिसायच्या नाहीत. दहा-पंधरा मिनिटे मी कशीबशी काढली. मग एका ब्लाऊजचा हूक तुटलेला निघाला, तो लावायला सुई मागताना मी म्हणाले, “आलीच,” आणि बाहेर धावले. चौकीदार जागेवर नव्हता, पाणी प्यायला गेला असावा. हीच वेळ बरी, असे मला वाटले. जिथे मी गाडी लावली होती तिथे पांढरी स्कूटी उभी, तिची मागची पाटी माझ्याकडे, पाटीवर सत्तावीस. मी वाकून मागच्या चाकातून आणि स्टँडमधून साखळी ओवली, कुलूप दाबले, दोनदा ओढून पाहिले. मग आत जाऊन हूक लावला. त्या दिवशी त्या दुकानात मी पहिल्यांदा स्वतःहून पाणी मागून प्यायले.

पैसे घेऊन बाहेर आले तेव्हा गाडीजवळ माणसे जमली होती. तिशीतला एक माणूस उकिडवा बसून माझी साखळी ओढत होता. मला वाटले, चोर. पण चोर दुपारी, इतक्या लोकांसमोर, एवढा आरडाओरडा कशाला करेल?

“कोण लावली ही साखळी माह्या गाडीले? कोणाची हाय?”

मी तोंडावरची ओढणी सोडली. “माह्यी,” मी म्हणाले. कोणालाच ऐकू गेले नाही. मी हातातली किल्ली वर केली.

“तुमी लावली? काहून वो ताई? माह्या गाडीनं तुमचं काय घेतलं?”

“हे गाडी... सत्तावीस...”

“सत्तावीसच हाय. दर्यापूरचा हाय मी, अमरावती जिल्हा, सत्तावीसच राहीन ना!”

मागून कोणी म्हणाले, “ध्यान ठेवा भाऊ, चोरणाऱ्या बायांची टोळी असते.” दुसरा म्हणाला, “अरे चोर कुलूप तोडते. हे त लावून राहिली!” लोक हसले. मी गाडीच्या पुढच्या बाजूला गेले. दिव्याच्या खाली निळे चक्र नव्हते. तिथली जागा कोरी पांढरी होती.

कुलूप उघडताना किल्ली भोकात जाईना. त्या माणसाने माझ्या हातातून घेऊन स्वतःच उघडले आणि साखळी माझ्या हातात दिली. “साखळी मजबूत हाय पण,” तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून त्याने विचारले, “तुमची कुठं हाय मंग?”

मी रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. परत आले. तीस, तीस, तीस. पुन्हा एकदा गेले. चौकीदार आला होता. तो म्हणाला, “ते पांढरी? ते म्या तिकडं टोकाले सरकवली होती. मालाची गाडी आलती, जागा पाह्यजे होती. ते गेली अन् या भाऊनं तिथं आपली लावली.” टोकाला मातीत स्टँडची खूण होती. बाकी काही नव्हते.

मी रस्त्यातच खाली बसले. दर्यापूरचा माणूस खरे तर खरेदीला आला होता, त्याची बायको दुसऱ्या दुकानात थांबलेली होती. तरी त्याने मला गाडीवर मागे बसवले आणि तासभर गल्ल्या फिरवल्या. मी प्रत्येक पाटी वाचत होते. साखळी माझ्या मांडीवर होती आणि उन्हाने ती इतकी तापली होती की साडीवरूनही चटका बसत होता.

शेवटी तो मला ठाण्यात घेऊन गेला. तिथे एक हवालदार होते. ते वाईट बोलले नाहीत, हे लिहिले पाहिजे.

“कागदं?”

पर्समध्ये झेरॉक्स होती. त्यांनी पाहिली. “हे त तुमचं नाव नाई.”

“भाचीचं हाय.”

“मंग तिले आणा, नाही तं तिचं लिहून आणा. ज्याच्या नावावर गाडी, त्याची तक्रार. अन् लवकर आणा बरं का, बाई. उद्या त्या गाडीवर बसून कोणी कोणाच्या गळ्यातलं खेचलं, तं नंबर कोणाच्या नावाचा निघन? तुमच्या भाचीच्याच.”

दर्यापूरच्या माणसाने बाहेर येऊन स्वतःचा फोन नंबर माझ्या मापाच्या वहीत लिहून दिला आणि म्हणाला, “आजच फोन लावा ताई भाचीले. वेळ नका घालवू.”

मी घरी चालत आले. नवऱ्याने माझ्या हातात साखळी पाहिली आणि दारात पाहिले. त्याला काही सांगावे लागले नाही. तो म्हणाला, “सांगून टाक तिले.”

“उद्या सांगते,” मी म्हणाले.

भाचीचा फोन रोज सायंकाळी यायचा. मी दिवसभर मशीनवर बसून वाक्य जुळवायचे: बाई, एक वाईट गोष्ट झाली. बाई, तुझी गाडी. बाई, मावशीला माफ कर. फोन वाजायचा आणि ती पहिलेच विचारायची, “काय म्हणते गाडी?” आणि माझ्या तोंडातून निघायचे, “चांगली हाय.” मी ते ठरवून म्हणत नव्हते. इतक्या दिवसांची सवय होती, जिभेवर ते तयारच असायचे. एकदा निघाले की परत घेता यायचे नाही. फोन ठेवल्यावर मी स्वतःच्या तोंडावर मारून घ्यायचे.

उद्याचे आठ दिवस झाले. आठ दिवसांनी सांगणे पहिल्या दिवसापेक्षा कठीण होते, कारण आता गाडीबरोबर आठ दिवसांचे खोटेही सांगावे लागणार होते. पंधरा दिवसांनी त्याहून कठीण. रात्री मी सवयीने नाडा हातात घ्यायचे, मग लक्षात यायचे की बांधायला काही नाही. भूक मेली. ब्लाऊजांच्या बाह्या उलट्या बसू लागल्या. मी उसवायचे आणि पुन्हा उलट्याच लावायचे. गल्लीत कोणतीही स्कूटी वाजली की दारात जायचे. बाजारात जाताना मी सगळ्या पांढऱ्या गाड्यांची तोंडे पाहत जायचे. चक्र कोणी खरवडून काढले असेल, तर निळा डाग तरी राहिला असेल, असे मनात यायचे.

महिन्याभराने भाची फोनवर म्हणाली, “मावशी, गाडीचा फोटो पाठव ना. माह्या मैत्रिणीले दाखवाचा हाय. म्हणते, तुह्यी मावशी गाडी चालवते हे खोटं हाय.”

मी म्हणाले, “पाठवते.”

हे लिहिताना मला अजून लाज वाटते. मी वहीतला नंबर काढला आणि दर्यापूरला फोन लावला. तो माणूस शनिवारी बायकोला घेऊन अकोल्याला येणारच होता. तिला ब्लाऊज शिवून हवे होते. ती आली, मी तिची मापे घेतली आणि टेप गळ्यात तसाच ठेवून मनातले सांगितले. तुमच्या गाडीवर बसून मला एक फोटो काढू द्या.

तो म्हणाला, “ताई, हे बरोबर नाही. अजून सांगतलं नाही तुमी?”

त्याची बायको म्हणाली, “फोटोच तं काढून राहिली, गाडी थोडीच नेऊन राहिली? काढा ना जी. पाहत नाही का, कशी झाली बाई ते.”

त्याने फोटो काढला. मी त्यांच्या गाडीवर बसले, ओढणीचे टोक पुढे असे सोडले की पाटी झाकली जावी. हसायला सांगितले तेव्हा हसलेही. त्या फोटोत मी चांगली दिसत होते. तो मी नंतर पुसून टाकला.

भाचीचे उत्तर लगेच आले. लिहिलेले मला हळूहळू वाचता येते. तिने लिहिले होते, “चक्र कुठं गेलं?”

मी बोलून पाठवले, “धुताना निघालं.”

त्यावर तिने काही लिहिले नाही. सायंकाळी फोनही आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, पण तिने गाडीचे विचारले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आधी तिने विचारले की मरण यायचे. आता विचारत नव्हती, ते त्याहून वाईट होते.

मग एक दिवस शेजारीण, तीच शेळीवाली, हात हलवत आली. तिच्या नणंदेच्या गल्लीत दोघांनी येऊन एका म्हातारीच्या गळ्यातली पोत खेचली होती.

“गाडीवर आलते म्हणे.”

“कोणती गाडी?” मी विचारले.

“पांढरी. तुह्या स्कूटीसारखी.”

“नंबर कितीचा होता?”

“काय बाई तू! म्हातारी पोत सांभाळन का नंबर वाचन?”

ती हसून गेली. ती गाडी तीच होती की नाही, ते मला आजही माहीत नाही, बहुतेक नसेलच. पण त्या क्षणी मला पुण्यातल्या तिच्या खोलीच्या दारावर पोलीस उभे दिसले. तिला काही माहीत नाही, ती दार उघडते आणि म्हणते, गाडी तर माझ्या मावशीकडे आहे. साखळी लावली तेव्हा मी गाडी राखत होते. आता मी माझी लाज राखत होते आणि तिला उघड्यावर सोडले होते.

त्या आठवड्यात ती दोन दिवसांसाठी अमरावतीला येणार होती. तोंडाने मला सांगता येणार नाही, हे मी मान्य केले. वहीचे पान फाडले आणि चिठ्ठी लिहायला बसले. तीन पाने खराब झाली. चौथे पान घडी घालून ब्लाऊजच्या आत ठेवले. पिशवीत साखळी, कुलूप आणि गाडीची किल्ली घेतली आणि सकाळच्या एसटीने निघाले. बडनेरा येईपर्यंत मी परत फिरायचे तीन वेळा ठरवले.

बहिणीने दार उघडले. “एकटीच? ये ये. चहा ठेवते.” ती आत गेली. भाची पलंगावर बसून केस विंचरत होती. मला पाहून उठली नाही. मी चिठ्ठी काढून तिच्यापुढे धरली आणि तिच्याकडे न पाहता भिंतीकडे पाहत उभी राहिले. कंगवा थांबला. ती खूप वेळ वाचत होती. माझी चिठ्ठी एवढी मोठी नव्हती, पण माझे अक्षर लावायला वेळ लागतो.

“मले फोटोतच समजलं होतं,” ती म्हणाली. “चक्र म्या ओरखडा झाकाले लावलं होतं, अन् फोटोत ओरखडाच नव्हता. म्या वाट पाहून राहिली होती, आज सांगशीन, उद्या सांगशीन.”

तिने चिठ्ठीची घडी घातली.

“गाडी गेली तं गेली, मावशी. गाड्या जाते. पण दीड महिना माह्या नावाची गाडी कोणाजवळ हाय, कुठं फिरून राहिली, अन् मले माहीत नाही? म्या रोज विचारावं, अन् तू रोज म्हणावं, चांगली हाय? मले तुह्या आवाजावर इतका भरोसा होता.”

बहीण चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघी रडत होतो. पण आम्ही जवळ बसलो नव्हतो. भाची पलंगावर होती, मी भिंतीशी होते. बहिणीने विचारले, “काय झालं वो?” भाचीने चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि म्हणाली, “वाच. अर्धी चिठ्ठी तं अक्षराची माफी मागण्यातच गेली.”

त्याच दिवशी ती माझ्याबरोबर एसटीने अकोल्याला आली. पूर्ण रस्ताभर खिडकीबाहेर पाहत बसली. ठाण्यात तेच हवालदार होते. त्यांनी मला ओळखले आणि इतकेच म्हणाले, “लय दिवस लावले बाई.” भाचीने कागद पुढे ठेवले, तारीख सांगायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे पाहिले. मी तारीख सांगितली, जागा सांगितली, चौकीदाराने सरकवल्याचे सांगितले आणि साखळी दुसऱ्याच गाडीला लावल्याचेही सांगितले. हवालदारांनी मान वर केली. “दुसऱ्याच्या गाडीले?” मी हो म्हणाले. या वेळी ते सगळ्यांना ऐकू गेले. तक्रार लिहिली गेली. खाली भाचीने सही केली. तिच्या नावावरचे ओझे त्या कागदाने थोडे तरी उतरले असेल, असे मला वाटले. गाडी कधी सापडली नाही. विमा होता, तो चोरीचा नव्हता.

ठाण्याच्या बाहेर मी तिला म्हणाले, “गाडीचे पैसे मी देईन.”

ती म्हणाली, “दे.”

नंतर बहिणीने फोनवर खूप समजावले. “घरातल्या घरात कायचे पैसे? पोट्टीले काही कमी हाय काय?” भाचीने तिलाच गप्प केले. म्हणाली, “देऊ दे, आई. तिले द्यायचे हाय.” मला त्या वेळी ते लागले. पुढे समजले की ती माझ्याच बाजूने बोलत होती. तिने माफ केले असते, तर मला आयुष्यभर तिच्या समोर भिंतीकडे पाहत उभे राहावे लागले असते.

त्यानंतर पावणेदोन वर्षे मी पिशव्या कमरेवर घेऊन चालत बाजारात गेले. उन्हाळ्यात सावलीच्या बाजूने जायचे, परत येताना सावली दुसऱ्या बाजूला गेलेली असायची. गुडघा सुजला. नवऱ्याने त्याची बिडी सोडली. एक दिवस मी नाडा बांधलेला तो गिलास काढला, तर त्यात त्याने वाचवलेल्या नोटा ठेवल्या होत्या. साखळी आणि कुलूप मी दर्यापूरच्या माणसाला देऊन टाकले. तो घेत नव्हता. त्याची बायको म्हणाली, “घ्या ना. आपल्या गाडीले एकदा लागलीच हाय, मापाची हाय.”

त्या पावणेदोन वर्षांत भाचीचा फोन कमी झाला. आधी रोज यायचा, मग आठवड्याने. दर वेळी मी थोडे पैसे पाठवले की ती लिहायची, “मिळाले.” तेवढेच. मी तो एक शब्द पुन्हा पुन्हा वाचायचे. त्यात राग आहे का माया आहे, ते एका शब्दावरून कसे समजणार? तरी वाचायचे.

मागच्या महिन्यात ती अमरावतीला आली होती. शेवटचे पैसे मला हातात द्यायचे होते. मी पुन्हा सकाळच्या एसटीने गेले. या वेळी परत फिरावेसे एकदाही वाटले नाही. ती ओट्याजवळ उभी राहून भाजी चिरत होती. मी रुमालात बांधलेल्या नोटा ओट्यावर ठेवल्या.

बहीण म्हणाली, “ठेव ठेव, मोजाचं काय त्यात.”

भाचीने सुरी बाजूला सरकवली, हात धुतले, ओढणीला पुसले. अंगठा ओला केला आणि नोटा मोजू लागली. घाईने नाही. एक नोट दुमडलेली होती, ती तिने नखाने सरळ केली. मी भिंतीकडे पाहिले नाही. तिच्या बोटांकडे पाहत राहिले. मोजून झाल्यावर तिने एकदा पुन्हा मोजल्या. मग रुमालाची घडी घालून माझ्या हातात परत दिली.

“बरोबर हाय, मावशी,” ती म्हणाली. “पूर्ण झाले.”